मोटर दाखवलेली नाही

२ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. ऑफिसात बोलण्यासारखं कोणी नाही आणि घरात सध्या कोणीच नाही. सध्या म्हणजे, बायको डिसेंबरात पंधरा दिवसांसाठी म्हणून मुलीकडे गेली तेव्हापासून. मुलगी नोकरीला, जावई नोकरीला, नात चार वर्षांची. पंधरवडा लांबणारच. काळजीचं कारण नाही.

निश्चय : रोज सकाळी चालणे. टीव्ही न लावणे. स्वयंपाक स्वतः करणे. टोस्ट म्हणजे जेवण नव्हे.

संध्याकाळी टोस्ट खाल्ले.

३ फेब्रुवारी

चालायला गेलो नाही. चार मजले जिन्याने उतरतो-चढतो, तोच व्यायाम पुरे. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद आहे. मीच बंद केली आहे. आयुष्य लिफ्ट इन्स्पेक्टर म्हणून गेलं. दुसऱ्यांच्या इमारतींना सील ठोकायचं आणि स्वतःच्या इमारतीकडे कानाडोळा करायचा, हे माझ्याच्याने होणार नाही. गेल्या ऑगस्टात दाराच्या सेन्सरमध्ये दोष सापडला, त्याच दिवशी सील लावलं. तेव्हापासून शेजारी मला पाहून मान फिरवतात. तत्त्वाची किंमत मोजावी लागते, ती मी मोजतो आहे. पाचव्या मजल्यावरचे मास्तर म्हणतात, किंमत आमचे गुडघे मोजताहेत. मास्तर निवृत्त झाल्यापासून त्यांना बोलण्यावाचून दुसरा धंदा नाही.

साखर संपली. चमत्कारिक आहे. आमच्या घरात साखर कधी संपत नसे. मुंग्यांचा संशय आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

टीव्ही लावला. फक्त चालतो की नाही ते बघायला.

मुलीने मागे त्यावर कसलंसं खातं उघडून दिलं आहे. लावलं की तीन चौकोन येतात : आई, चिमणी, बाबा. आई म्हणजे ही, चिमणी म्हणजे नात. त्यांच्याकडे आणि आपल्याकडे खातं एकच, त्यामुळे तिकडे कोणी काय पाहिलं ते इथे दिसतं. बाबा हा चौकोन मी कधी उघडलेला नाही. आज ‘आई’ उघडला. चोरून नव्हे, तपासणी म्हणून.

ही तिकडे बसून एकच सिनेमा पुन्हा पुन्हा पाहते आहे. आणि तोही कार्टून! ‘खड्ड्यातला ढोल्या’. पोस्टरवर एक केसाळ राक्षस आणि त्याच्या डोक्यावर छत्री. चिमणीसाठी लावत असेल म्हणावं, तर चिमणीचा चौकोन वेगळा आहे, त्यात फक्त सशांचे सिनेमे आहेत. साठीला आलेली बाई राक्षसाचं कार्टून पाहते. मुलीच्या घरचं वळण, दुसरं काय.

मी असले प्रकार लहानपणीही पाहिले नाहीत. आमच्या वडिलांना खपत नसे.

८ फेब्रुवारी, रविवार

दुपारी ‘ढोल्या’ थोडा पाहिला. फोनवर हिच्याशी बोलायला एखादा विषय हवा. हल्ली “जेवलात का?” आणि “जेवलो” यापुढे गाडी सरकत नाही.

जुना सिनेमा आहे, हाताने चित्रं काढलेला, आपल्या भाषेत आवाज दिलेला. सात मजली इमारत. लिफ्टच्या विहिरीच्या तळाशी जो खड्डा असतो, त्यात हा ढोल्या राहतो. दोन दात, गादीसारखं पोट. इमारतीत कोणाला त्याचा पत्ता नाही. तो छत्रीला वटवाघूळ समजून घाबरतो. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीचा लोकरीचा गुंडा खाली पडतो, तर हा बसून विणायला शिकतो. त्याच्या हातात सदानकदा एक दोर असतो. कशासाठी ते सांगितलेलं नाही. काहीतरी चाळा असावा.

मग त्याला शिंक येते. शिंक आली की वर लिफ्ट टाणकन दोन मजले उडते, आणि आत उभ्या असलेल्या गृहस्थाचा टोप शेजारच्या बाईंच्या डोक्यावर बसतो. बाई आरशात पाहून म्हणतात, बरा दिसतोय.

मी हसलो. मोठ्याने. चहा नाकात गेला. मग डावीकडे पाहिलं, ही हसली का ते बघायला. सोफ्याच्या त्या कोपऱ्यात इस्त्रीचे कपडे होते. म्हणजे इस्त्री न केलेले.

गोष्ट इतकी बालिश असेल असं वाटलं नव्हतं. पण एक माणूस त्यात शहाणा आहे, मिशीवाला सुपरवायझर. गळ्यात शिट्टी, हातात टॉर्च. दर आठवड्याला येतो, प्रत्येक मजल्यावर दार उघडून बघतो, लोकांना रांगेत उभं करतो आणि ‘सर्व ठीक!’ म्हणून शिट्टी मारतो. असा माणूस आमच्या खात्यात एक जरी असता.

एकतिसाव्या मिनिटाला मात्र घोडचूक. सुपरवायझर गच्चीवरची मशीन रूम उघडतो. आत एक खुर्ची आणि एक कबूतर. बस. मोटर दाखवलेली नाही! लिफ्टचा सिनेमा काढता आणि मोटर विसरता? मोटरशिवाय लिफ्ट चालेलच कशी? सिनेमा तिथेच थांबवला. असल्या अडाणी माणसांचं पुढे काय पाहायचं.

१० फेब्रुवारी

हिला फोन केला. ढोल्या पाहिला म्हणून सांगितलं.

तिने तिकडचा टीव्ही बंद केला. मग म्हणाली, “तुम्ही? खरंच?” आवाज वेगळाच लागला होता. असा आवाज मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. शिंकेचं सांगितलं, तर हसलीही. मागे मी फारच क्वचित फोन करतो अशी तिची तक्रार होती, त्याची भरपाई म्हणून मग मोटरचा मुद्दा सविस्तर मांडला. ट्रॅक्शन मोटर, ब्रेक, गव्हर्नर, सगळं. चांगला अर्धा तास बोललो. बायकोशी इतकं मोकळेपणाने बोलणं हा एक आनंद असतो.

शेवटी तिने विचारलं, पुढचं पाहिलंत का. म्हटलं, गरज नाही. म्हणाली, “पुढचं बघा. शेवटपर्यंत बघा आणि मग मला फोन करा.”

बघेन की. त्यात काय आहे.

१२ फेब्रुवारी

संध्याकाळी लावला. एकतिसाव्या मिनिटाला मशीन रूम आली. मोटर कोपऱ्यात कुठे अंधुक दिसते का म्हणून मागे घेऊन पुन्हा पाहिली. नाही. नियमावली काढून बसलो. कलम सापडेपर्यंत दूध उतू गेलं. गॅस पुसता पुसता जेवणाची वेळ टळली. टोस्ट.

पायमोजे संपले आहेत. कपाटात एकही जोडी नाही, मशीनमध्ये मात्र ढीग. धुवून तर झाले होते चार दिवसांपूर्वीच. पूर्वी या मशीनमधून कपडे निघून घडी होऊन कपाटात जायचे. मशीन जुनं झालं. मेकॅनिकला बोलवायला हवं.

१५ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा लावला. एकतिसाव्या मिनिटाच्या जरा आधी चष्मा पुसायला म्हणून थांबवला, तेवढ्यात डोळा लागला. उठलो तेव्हा टीव्ही विचारत होता, अजून पाहत आहात का. हल्ली टीव्हीही चौकशा करतो.

हिला फोन करून सांगितलं, शेवटपर्यंत पाहिला, छान आहे. ती म्हणाली, “रेघ अजून तिथेच थांबलीये.”

म्हणजे कोणी किती पाहिलं त्याची लाल रेघ पोस्टरखाली येते, आणि ती तिकडेही दिसते. म्हटलं, तांत्रिक बिघाड असेल. ती म्हणाली, असेल. मग जेवलात का. जेवलो.

१८ फेब्रुवारी

मुलीचा फोन. अठ्ठावीसला चिमणीचा वाढदिवस आहे, ‘ढोल्या’तल्या वेशांची पार्टी ठेवली आहे, बाबा तुम्ही या. मग जरा अडखळत म्हणाली, की वाढदिवस झाला की आई ठरवणार आहे. काय ठरवणार आहे, विचारलं. इथेच राहायचं का ते, म्हणाली. मागची खोली रंगवून घेतली आहे.

मुलीला लहानपणापासून राईचा पर्वत करायची सवय आहे. मी म्हटलं, मागच्या खोलीत ओल आहे, आधी भिंत तपासायला हवी होती. ती म्हणाली, बाबा, मी तुम्हाला काय सांगतेय आणि तुम्ही काय ऐकताय.

मग पुन्हा डिसेंबरातलं उकरून काढलं. त्यात काढण्यासारखं काही नाही. ही बाजारातून येत होती, दोन्ही हातांत पिशव्या. दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसली. मी मागून ऑफिसातून आलो. बघितलं तर पिशव्या इकडे, ही तिकडे, जिना पूर्ण अडलेला. मी म्हटलं, इथे बसू नकोस, रस्ता अडतो. आग लागली तर लोकांनी उतरायचं कुठून? एवढंच बोललो. आवाजही चढवला नाही. पिशव्या मी घेतल्या असत्या, पण माझ्या हातात ऑफिसची बॅग होती आणि जिना चढताना एक हात कठड्याला असावा असा नियम आहे. ती उठली, वर आली, चहा केला. दुसऱ्या दिवशी मुलीकडे गेली, पंधरा दिवसांसाठी. दोन गोष्टींचा काही संबंध नाही.

मुलगी विचारते, बाबा, तिचा खांदा कधीपासून दुखतोय ठाऊक आहे? मी म्हटलं, खांदा तिचा आहे, तिला ठाऊक.

२१ फेब्रुवारी

मास्तर जिन्यात गाठ पडले. मला म्हणाले, सेन्सर सप्टेंबरातच बदलला ना? हो. मग सील कधी निघणार? म्हटलं, फेरतपासणी व्हायची आहे. कोण करणार? मी. मग करा की. मास्तरांना कितीदा सांगायचं, की माझ्याकडे रांग आहे, ज्याचा नंबर आधी त्याचं काम आधी. स्वतःच्या इमारतीला पुढे काढलं, तर त्याला वशिला म्हणतात. मास्तर म्हणाले, तुम्ही नाकाने कांदे सोलता. मी म्हटलं, सोलू द्या. घरात नाहीतरी कांदे मीच सोलतो हल्ली.

खरं तर सोलत नाही. कांदे संपले आहेत.

२४ फेब्रुवारी

वाढदिवसाचा विचार. प्रौढ माणसाने वेशबिश करणं शोभत नाही. ऑफिसातून थेट जाईन, निळा शर्ट, खिशावर बिल्ला, हातात तपासणीचा टॉर्च. बस. त्या दिवशी हिच्याशी निवांत बोलायचं. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं आहे. पहिला मुद्दा, घराकडे तुझं दुर्लक्ष होतं आहे. त्यावर ती ओशाळेल. मग मी म्हणेन, जाऊ दे, झालं ते झालं, सामान भर. मोठेपणा कोणीतरी घ्यावाच लागतो.

बघायचा राहिलेला सिनेमा उद्या बघून टाकणार. नक्की.

२७ फेब्रुवारी

बघितला नाही. दोन दिवस तपासण्या होत्या. शिवाय त्या एकतिसाव्या मिनिटाचा मला आता तिटकारा आला आहे. ती रिकामी खोली दिसली की हातातला घास ताटात परत ठेवतो. हे टोस्टमुळे असावं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सविस्तर लिहितो.

मुलीकडे पोचलो. दार चिमणीने उघडलं. माझ्याकडे पाहिलं, टॉर्चकडे पाहिलं, मिशीकडे पाहिलं आणि आत वळून ओरडली, सुपरवायझर आले! सगळी पोरं धावत आली. एकाने “सर्व ठीक!” म्हटलं, तर बाकीची हसून हसून गडाबडा लोळली. नव्या पिढीला अधिकाऱ्याविषयी इतकी आस्था असेल याची कल्पना नव्हती. मीही “सर्व ठीक!” म्हणालो. पुन्हा लोळली.

हॉलमध्ये फ्रिजच्या खोक्याची लिफ्ट केली होती, खाली चाकं, पुढे दोर. एकेक पोर आत बसायचं आणि लिफ्ट पलीकडच्या खोलीपर्यंत जायची. दोर एक ढोल्या ओढत होता. अंगावर तपकिरी चादर, तोंडाला कागदाचे दोन दात. पोरं त्याला मिठ्या मारत होती. मी म्हटलं, जावईबापू बरे रमलेत. तर जावई स्वयंपाकघरातून केक घेऊन आला.

चादरीत ही होती.

मी प्रथम खोक्याची तपासणी केली. दोर कपडे वाळत घालायचा, साधा नायलॉन. भारमर्यादा लिहिलेली नाही. आत एका वेळी तीन पोरं. सगळं थांबवलं. रांगेतलं एक रडायला लागलं, पण सुरक्षितता रडण्याकडे बघत नाही. हिला म्हटलं, ही लिफ्ट असुरक्षित आहे. हिने तोंडातले दात काढले.

“दोर मी ओढतेय,” ती म्हणाली. “दिसतंय का तुम्हाला?”

म्हटलं, दिसतंय, आणि पकडही चुकीची आहे, अशाने खांदा दुखेल. ती म्हणाली, “ऑगस्टपासून दुखतोय.” मी मलम सुचवलं. ट्यूब घरात कुठेतरी आहे असंही सांगितलं, कुठे ते तिलाच ठाऊक असणार. तिने दात पुन्हा लावले आणि त्या तीन पोरांना ओढत घेऊन गेली. माझा मुद्दा अर्धाच राहिला.

केकनंतर उत्तम वेशाचं बक्षीस होतं. पोरांनी हात वर करून निवड केली. एकमताने मला मिळालं. मी मुलीला सांगितलं, की मी वेश केलेलाच नाही, हे माझे रोजचे कपडे आहेत. ती म्हणाली, माहितीये बाबा, घ्या. बक्षीस म्हणजे लाल दोरीची शिट्टी. चिमणीने ती माझ्या गळ्यात घातली आणि म्हणाली, “आजोबा, तुम्ही सगळ्यात खरे आहात.” ती आजीला अगं-तुगं करते, मला अहो-जाहो करते. मान म्हणतात तो हा.

निघताना दाराशी हिला विचारलं, मग कधी येतेस. ती म्हणाली, सिनेमा पाहिलात का. हो म्हणणार होतो, पण रेघ आठवली. म्हटलं, वेळ झाला नाही. “बरं,” ती म्हणाली. नुसतंच बरं. रागावली असती तर काही बोलता आलं असतं.

एकंदरीत कार्यक्रम यशस्वी.

२ मार्च

मुलीचा फोन. आई इकडेच राहणार आहे, बाबा. तुमच्यावर राग नाही म्हणते, फक्त दमली आहे म्हणते.

दमली असेल तर विश्रांती घ्यावी. घरी घ्यावी. घर कशासाठी असतं?

३ मार्च

कामावर गेलो नाही. बरं वाटत नव्हतं. पलंगावर पडून विचार केला. अडचण काय आहे याचा शांतपणे शोध घेतला, तपासनीस म्हणून. मूळ दोष सापडला : जिना. चार मजले, पिशव्या, खांदा. म्हणजे लिफ्ट सुरू झाली की दोष दूर होतो. इतकं सोपं आहे. मुलगी उगीच त्यात भावना घालते.

निश्चय : आमची इमारत रांगेत पुढे घेणे. आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडणार आहे, आणि तो बायकोसाठी. हे तिला कळलं की तिच्या डोळ्यांत पाणी येईल.

६ मार्च

फेरतपासणी केली. सेन्सर उत्तम. सप्टेंबरापासूनच उत्तम आहे म्हणा. वेळ फार लागला नाही, चहा गार व्हायच्या आत काम झालं. सील काढलं, बटण दाबलं, लिफ्ट आली. लोक आपापल्या दारात येऊन बघत होते. टाळ्या होतील असं वाटलं होतं. मास्तर तेवढे म्हणाले, बैल गेला आणि झोपा केला. आमच्या इमारतीत बैल कधीच नव्हता. मास्तरांचं वय झालं.

संध्याकाळी हिला फोन. म्हटलं, लिफ्ट सुरू केली, तुझ्यासाठी.

तिकडे फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, डोळे पुसते आहे. मग म्हणाली, “मी चढत होते तेव्हा सुरू करायची होती.” अगदी साध्या आवाजात म्हणाली, जसं भाजीत मीठ कमी आहे सांगावं तसं. त्यावर मी रांगेचा नियम समजावायला घेतला, तर म्हणाली, ते राहू द्या. मी बुधवारी येते.

बुधवारी येते! माझं निदान कधी चुकत नाही.

८ मार्च, रविवार

तयारी. साखर आणली. कांदे आणले. पायमोजे धुतले, वाळत घातले, घड्या केल्या. या मशीनचं खरंच काही खरं नाही, सगळं हाताने करावं लागतं. भांडी घासली. घासता घासता दिवस गेला. हे एवढं रोज कोण करत असेल, असा एक विचार येऊन गेला. मग नळ गळायला लागला, त्यामुळे पुढे विचार केला नाही.

बुधवारची योजना : ती आली की चहा मी करणार. मग दोघांनी बसून ‘ढोल्या’ शेवटपर्यंत बघायचा. एकतिसाव्या मिनिटाला मी काही बोलणार नाही. फार तर एक वाक्य.

११ मार्च, बुधवार

आली. बरोबर जावई. जावयाच्या हातात खोकी, घडी घातलेली, रिकामी.

म्हणाली, थोडं सामान न्यायचंय. थोडं म्हणजे तिचे कपडे, शिवणाचं मशीन, पितळी डबे, आईचा फोटो, उशी. एक उशी तिकडे मिळाली नसती का? मी चहा केला. तिने घेतला आणि म्हणाली, छान झालाय. साखर जास्त होती, मला माहीत आहे.

जावई बिचारा खोकी उचलून चार मजले उतरवायच्या तयारीने आला होता. लिफ्ट सुरू पाहून म्हणाला, बरं झालं बाबा, खूप सोयीचं झालं. तीन फेऱ्यांत सगळं खाली गेलं. मी दार धरून उभा होतो. भारमर्यादा सांगितली. शिवणाचं मशीन आडवं ठेवायला सांगितलं.

शेवटच्या फेरीत ती आत उभी राहिली. मी म्हटलं, सिनेमा दोघांनी मिळून बघूया म्हणत होतो. ती म्हणाली, “मी पाहिलाय. तुम्ही बघा.” मग माझ्या गळ्याकडे हात केला. मला वाटलं, जवळ घेते आहे. तिने कॉलर नीट केली आणि बटण दाबलं. लिफ्टचं दार उत्तम बंद झालं. सेन्सरमध्ये काही दोष नाही.

१२ मार्च

ऑफिस. तीन तपासण्या. सर्व ठीक.

१४ मार्च, शनिवार

कपाटातली तिची बाजू रिकामी आहे. एक खिळा तेवढा राहिला आहे. मी माझे शर्ट पसरवून लावले, तरी भरत नाही.

काही दिवसांत येईल. उशी विसरली असती तर लवकर आली असती.

१५ मार्च, रविवार

दुपारी ‘ढोल्या’ शेवटपर्यंत पाहिला.

एकतिसाव्या मिनिटानंतर बत्तिसावं मिनिट आहे. रिकामी खोली. खुर्ची, कबूतर. सुपरवायझर “सर्व ठीक!” म्हणून दार लावून जातो. मग चित्र छतातल्या भोकातून दोराबरोबर खाली उतरत जातं, सातवा, सहावा, पाचवा, अगदी खड्ड्यापर्यंत. दोराचं दुसरं टोक ढोल्याच्या हातात आहे. वरून कोणी बटण दाबलं की खाली घंटी वाजते आणि तो ओढतो. वर्षानुवर्षं. सगळ्या अंगावर केस आहेत, तळहातावर तेवढे नाहीत. म्हणून शिंक आली की लिफ्ट उडत होती.

चूक नव्हती. मोटर नव्हतीच.

पुढे तर काय, एक दिवस तो दोर खाली ठेवतो आणि निघून जातो. कोणावर रागावत नाही. सुपरवायझर शिट्ट्या मारत बसतो, दारं तपासतो, सेन्सर तपासतो, लोकांना रांगेत उभं करतो. शेवटी टॉर्च घेऊन खड्ड्यात उतरतो. तिथे एक स्टूल आणि लोकरीचा गुंडा. दोर हातात घेऊन बघतो, जरा ओढतो. वरून कोणीतरी म्हणतं, चला, दुरुस्त झाली एकदाची. मग त्याला सोडता येत नाही. आणि बाहेर उन्हात ढोल्या छत्री उघडून चालला आहे. छत्रीला आता घाबरत नाही.

विनोदी सिनेमा आहे. शेवटी पोरं खूप हसत असतील.

हिला फोन केला. चिमणीने उचलला. आजी फिरायला गेलीये म्हणाली, मैत्रिणींबरोबर. म्हटलं, आजीला सांग, आजोबांनी ढोल्या शेवटपर्यंत पाहिला. तिने विचारलं, मग कळलं का मोटर कुठे असते? म्हटलं, मोटर नसतेच.

“आम्हाला माहितीये,” चिमणी म्हणाली. आणि तिला खेळायचं होतं म्हणून फोन ठेवला.

रेघ पूर्ण झाली आहे. तिकडे दिसत असेलच.

संध्याकाळी बाजारात गेलो. दूध, बटाटे, साबण, साखर. दोन पिशव्या झाल्या. लिफ्ट खालीच उभी होती, तरी जिन्याने चढलो. व्यायाम म्हणून. दुसऱ्या मजल्यावर दम लागला तेव्हा पायरीवर बसलो. पिशव्या इकडे, मी तिकडे, रस्ता पूर्ण अडला होता. बराच वेळ बसलो. ऊठ म्हणायला कोणी आलं नाही.